घाईच्या हातांची बाजू

"अहो, हात काढा त्या डिस्कवरून!" ती ओरडली, पण तोवर त्याने चालत्या सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क खेचून तिथे नवी बसवलीसुद्धा होती. पडदा गोठला. तिचं सकाळपासूनचं काम पाण्यात!

"मॅडम, यंत्र बंद न करता डिस्क बदला, असं वापराच्या पुस्तिकेत तुम्हीच लिहिलंय ना?" तो म्हणाला. यंत्रखोलीतला तंत्रज्ञ. बोटं लांबसडक, डोळे मिश्कील… जरा जास्तच मिश्कील.

डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचं काम तिच्याकडे होतं. हे गोठणं महिनाभर तिला छळत होतं, पण तिच्या टेबलावर एकदाही घडलं नव्हतं. साहेबांनी बजावलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर पुस्तिकेत 'आधी यंत्र बंद करा' असं छापू. तुम्ही दुसरं काम घ्या."

"पुन्हा करा," ती म्हणाली.

"पुन्हा ओरडा खायला?"

"करा हो!"

यंत्र पुन्हा चालू झालं. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. जुनी बाहेर, नवी आत — पापणी लवायच्या आत! ती स्वतः मात्र जुनी काढून, पुसून, मग सावकाश नवी बसवायची. पाहुण्याचं ताट उचलायच्या आत दुसरा त्याच पाटावर बसावा, तसं झालं होतं. ड्रायव्हर जुन्या डिस्कची उत्तरं नवीकडे मागत ताटकळत होता.

साहेब आले. ऐकून म्हणाले, "सोपं आहे. याला सांगा, हात हळू चालव."

त्याने मान खाली घातली. ती उसळली.

"नाही सांगणार! नाचता येईना, अंगण वाकडं? चूक माझ्या ड्रायव्हरची आहे. त्यांचे हात असेच चालतील."

जुनीचं सगळं आवरेपर्यंत नवीला दाराशी थांबवणाऱ्या ओळी तिने लिहिल्या. साहेब हाताची घडी घालून उभे. त्याने पन्नास वेळा डिस्क बदलली, मघापेक्षाही झपाट्याने. यंत्र एकदाही अडलं नाही.

"छापू नका ते," साहेब फोनवर पुटपुटले आणि निघून गेले.

"माझ्यासाठी कुणी असं भांडलं नव्हतं," तो म्हणाला. "मला… म्हणजे, तुमची हरकत नसेल तर… कधीतरी…"

"हातांना एवढी घाई, आणि जिभेला काय झालं?" ती हसली. "मीच सांगते. मला तू आवडतोस. आता बोल!"

त्याच्या हातून डिस्क निसटली. तिने ती वरच्यावर झेलली.