दारापलीकडचा रविवार

गाय पान्हा चोरत होती. डॉ. नीलिमा देऊसकर गोठ्यात उकिडवी बसून तिची कास तपासत होती, आणि कासेत काही दोष सापडत नव्हता. एवढ्यात मालकाच्या सुनेचं लक्ष खांबाला टांगलेल्या छोट्या डब्याकडे गेलं. त्याची बॅटरी उतरली होती. तिनं दुसरी घालताच डब्यातून एक म्हातारा आवाज आला, "ये गं कपिले, ये. पाय मागं घे." गाईनं कान हलवले, अंग सैल सोडलं आणि बादलीत धार वाजू लागली.

"मामंजींची सावली," सून ओशाळून म्हणाली. "ते गेल्यापासून ही दुसऱ्या कुणाला दूध देत नाही. उगाच तुम्हाला बोलावलं, डॉक्टरीणबाई."

अशा सावल्या आता संगमनेरच्या आसपासच्या वस्त्यांवरही पोचल्या होत्या. माणसामागे राहिलेले आवाज, निरोप, चित्रफिती एका शिकणाऱ्या प्रणालीला दिल्या, की ती त्या माणसाची धाटणी उचलायची आणि पुढं त्याच्यासारखी वागायची. नीलिमाला त्यांचं कौतुक नव्हतं आणि तिटकाराही नव्हता. हात धुऊन ती गाडीत बसली, तोच फोन वाजला.

"मी पुण्याहून सुलभा राजवाडे बोलतेय. मिहिरची आई. त्याच्या जुन्या नोंदीत तुझं खरं नाव सापडलं, त्यावरून शोधलं. तू टिटवी ना?"

हे नाव तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलीलाही नव्हतं. नीलिमानं गाडी सुरूच केली नाही.

"मिहिरचा खेळ पुन्हा चालू केलाय," पलीकडचा थकलेला आवाज म्हणाला. "तो खेळतोय. तूही खेळतेयस त्यात. एकदा येऊन बघशील?"

नीलिमानं मिहिरला कधी पाहिलं नव्हतं. बारावीत असताना तिच्या वडिलांनी ऑफिसातला मोडेम घरी आणला होता, आणि त्यावरून ती रोज एका अनोळखी मुलाच्या संगणकाला फोन लावायची. इंटरनेट घराघरांत येण्याआधीची गोष्ट. अशा संगणकाला बुलेटिन बोर्ड म्हणत. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच जागा. निरोप वाचायचे, निरोप ठेवायचे, आणि मग बोर्डाचं 'दार' उघडून पलीकडच्या खेळात शिरायचं. मिहिरनं स्वतः लिहिलेल्या त्या खेळाचं नाव होतं 'सात बंदरं'. गलबतं घेऊन व्यापार करायचा, एकमेकांना लुटायचं, दिवसाच्या खेळ्या संपल्या की उद्यापर्यंत थांबायचं. तो होता 'खलाशी', ती 'टिटवी'. पुढच्या वर्षी कावीळ होऊन तो गेला. ही बातमीही तिला फार उशिरा, भलत्याच कुणाकडून कळली होती.

शनिवारी दुपारी ती पुण्याला पोचली. सुलभाताई ऐंशी ओलांडलेल्या, काटक, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या. खोलीत आणखी एक बाई होती, यामिनी खरकर. जुन्या प्रणाली नव्या यंत्रांवर जिवंत करणं हा तिचा व्यवसाय होता.

"खेळ सुरूच होईना आधी," यामिनी सांगू लागली. "सुरुवातीला तो संगणकाचा वेग मोजतो. आजची यंत्रं इतकी वेगवान, की मोजायला वेळच उरत नाही. उत्तर शून्य येतं, शून्यानं भागायला जातो आणि तिथेच मरतो. म्हणून त्याच्यापुरतं यंत्र मंद केलं. मोडेम कुठून आणणार? खोटा मोडेम बसवला. त्याला वाटतं, कुणीतरी फोन लावून आलंय."

"आणि तारीख?" नीलिमानं विचारलं.

"तीच खरी अडचण. खेळ रोज साफसफाई करतो. बरेच दिवस न आलेला खेळाडू पुसून टाकतो. आजची तारीख दाखवली असती, तर पहिल्याच झाडलोटीत सगळे गेले असते. म्हणून मी त्याला चौऱ्याण्णव सालातच ठेवलंय. डिसेंबर संपला की पुन्हा जानेवारी. पण खेळाडूंनी रोज यायला तर हवं. म्हणून सावल्या."

"आवाज नाही, फोटो नाही. सावली कशाची केलीत?"

"मिहिरनं बोर्डावर दाबली गेलेली प्रत्येक कळ साठवली होती. त्याची आणि फोनवरून येणाऱ्यांची. कोणती कळ, आणि तिच्याआधी किती वेळ थांबले, ते सगळं." यामिनीनं पडदा तिच्याकडे वळवला. "माणूस कुठे अडखळतो, यावरून तो खूप कळतो, ताई."

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत होती. इंग्रजी लिपीतलं मोडकंतोडकं मराठी, तेव्हा सगळे लिहीत तसंच. खलाशी मिरी विकत होता. हो की नाही, असं खेळानं विचारलं, की तो क्षणभर थबकायचा आणि मग हो म्हणायचा. ती थबक नीलिमानं लगेच ओळखली. एके काळी त्या क्षणभरात तिनं त्याचा चेहरा रचला होता.

मग टिटवी आली. तडतड टाइप करणारी, चुका न सुधारणारी. मिहिर बोर्डाचा मालक, त्यामुळे आलेल्याशी त्याला थेट बोलता यायचं.

"उद्या रविवार," खलाशी म्हणाला. "चतुःशृंगीच्या पायथ्याशी. सकाळी. नक्की?"

"नक्की. मला कसं ओळखशील?"

"जी भांडायला येईल ती तू."

नीलिमाला ते शब्द पाठ होते. हे बोलणं खरोखर झालं होतं. त्याच दुपारी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून प्रवेशाची तार आली आणि वडील तिला रात्रीच्या गाडीनं घेऊन गेले. निघण्याआधी तिनं बोर्डाला पुन्हापुन्हा फोन लावला होता. लाइन व्यग्र होती. दुसरंच कुणीतरी खेळत होतं. परभणीच्या वसतिगृहात फोन नव्हता आणि मिहिरचा पत्ता तिला ठाऊक नव्हता.

"इथेच त्या दोघांची नोंद संपते," सुलभाताई म्हणाल्या. "पुढचं त्यांना माहीतच नाही. दर शनिवारी भेटायचं ठरवतात. सोमवारी तो विचारतो, आली नाहीस? ती विचारते, तू कुठे होतास? दोघं एकमेकांची माफी मागतात आणि पुन्हा रविवार ठरतो. मला वाटलं होतं, पोराला खेळताना बघेन. बघितलंही. पण तो वाट बघतोय गं. हे किती दिवस बघू? बंद करायला माझा हात होत नाही. तू त्याला काहीतरी सांग."

यामिनीनं टिटवीची सावली थांबवली आणि खुर्ची रिकामी करून दिली.

नीलिमा बसली. बोटं कळफलकावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"खलाशी, मी उद्या येऊ शकणार नाही," तिनं लिहिलं. एक अक्षर चुकलं, ते तिनं मागं जाऊन दुरुस्त केलं.

पडदा काही वेळ रिकामा राहिला.

"तू कोण?"

"टिटवी."

"नाही. टिटवी इतकं थांबत नाही. चूक सुधारत तर नाहीच. टिटवी कुठे आहे?"

सुलभाताई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. नीलिमानं कळफलकावरून बोटं उचलली. तिथं आपली सावली बसलेली त्याला चालत होती, आपण चालत नव्हतो. आणि त्याचं काय चुकलं? ती मुलगी आता कुठे होती, हे नीलिमालाही सांगता आलं नसतं. काही तरी थाप मारावी, असं तिच्या मनात आलं. मग तिनं खरं तेच लिहिलं. त्या शनिवारी लाइन मिळाली असती, तर जे लिहिलं असतं ते.

"टिटवी परभणीला गेली. शिकायला. अचानक जावं लागलं. तिनं तुला खूप फोन लावले, लाइन मिळाली नाही. तिथे फोन नाही."

खलाशी थांबला. यामिनी पुढं वाकली. "इतका वेळ तो कधीच थांबलेला नाही," ती पुटपुटली.

"रागावून गेली नाही ना?"

"नाही."

"बरं. तिचा पत्ता दे."

वसतिगृहाचं नाव, पोटमाळ्यावरची खोली, सगळं नीलिमाच्या बोटांतून आपोआप उतरलं. सुधारायला ती मागं गेली नाही.

"मी जातो," खलाशी म्हणाला. दार बंद झालं. पडद्यावर बोर्डाची मुख्य यादी आली आणि कर्सर लुकलुकत राहिला.

दुसऱ्या दिवशी खलाशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. यामिनीनं सगळी प्रणाली तपासली. सावली शाबूत होती, चालूही होती, फक्त खेळात शिरत नव्हती. "यात गूढ काही नाही," तिनं नीलिमाला फोनवर समजावलं. "मिहिर गावाला गेला की खेळायचा नाही. नोंदीत तसे खाडे आहेत. सावली तेच करतेय." पण तिच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. "आता प्रश्न साफसफाईचा आहे. तो असाच आला नाही, तर खेळ त्याला पुसेल. मी ती थांबवू शकते. सुलभाकाकू मात्र काही बोलत नाहीत."

सुलभाताईंचा फोन पुढच्या आठवड्यात आला. नीलिमा तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर चहा घेत होती.

"यामिनीला सांगितलं, थांबवू नको म्हणून," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी झाडलोट झाली. मी समोर बसून बघितली. यादीत त्याचं नाव नाही आता."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुकर लावत असावं.

"रडले नाही मी," सुलभाताई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला तो दवाखान्यातून गेला, तेव्हा मला काही विचारलं नव्हतं कुणी. या वेळी मी जाऊ दिलं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, शेजारच्या खोलीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये असा. "एक विचारू? तू दिलेला पत्ता खरा होता ना गं? पोचला असेल का तो?"