तळमजल्याला पाणी अजून थंडच

ही गोष्ट खरी आहे. माझ्या बाबतीत घडलेली आहे. कुणाला पटवायची म्हणून लिहीत नाही, तेवढी ताकदच उरलेली नाही. नाईट शिफ्ट करून आलेला माणूस काय कुणाला पटवणार?

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. यातलं काहीच नव्हतं. रोह्याजवळ वरसे गावात आमची तीन मजली साधी बिल्डिंग आहे. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यानंतरची एक सकाळ होती. गच्चीवर स्वच्छ ऊन होतं.

माझं नाव मिथुन. इथल्याच एका कंपनीत कामाला आहे. बिल्डिंगचा सेक्रेटरीही मीच. मी झालो नाही, मला केलं. मीटिंगच्या दिवशी मला डुलकी लागली होती आणि जागा झालो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

सेक्रेटरी म्हणजे बिनपगारी प्लंबर. आमच्याकडे गच्चीवर सोलरची मोठी टाकी आहे. तिथून प्रत्येक घराला गरम पाण्याची वेगळी लाइन जाते. पावसाळाभर सोलर बंद असतो. थंडी पडायच्या आधी टाकी धुवायची, क्षार काढायचे, गळती बघायची आणि मग एकेक लाइन चालू करायची. लाइनमध्ये हवा अडकलेली असते, ती निघाल्याशिवाय खाली गरम पाणी पोचत नाही.

आता पोचलं की नाही हे गच्चीवरच्या माणसाला कसं कळणार?

त्यासाठी आमची एक पद्धत आहे. सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे गच्चीपासून तळापर्यंतच्या उभ्या पोकळीत उघडतात. मी वरून कॉक सोडतो. खाली ज्याने त्याने नळ उघडून हात धरायचा. आधी लाइनमधलं साचलेलं थंड पाणी येतं, मग गरम. गरम आलं की खिडकीतून ओरडायचं, "आलं!" सगळ्या घरांचं "आलं" ऐकल्याशिवाय मी गच्ची सोडायची नाही.

फोन आहेत की सगळ्यांकडे, असं म्हणाल. पण ओला हात घेऊन फोन कोण शोधतो? आणि खरं सांगायचं तर लोकांना ओरडायला मजा येते.

सगळ्यात जास्त मजा वैशालीवहिनींना यायची. त्या तळमजल्यावर राहायच्या. नवरा गणेश माझ्याच कंपनीत आणि चार वर्षांची मुलगी, ऋतुजा. वहिनी माहेरच्या वडखळकडच्या, खाडीकाठच्या. आवाज खणखणीत. तळमजला असल्यामुळे पाणी त्यांना शेवटी मिळायचं आणि त्या मला सोडायच्या नाहीत.

"भावजी, वर झोपलाव काय? आमचे बादलीत बर्फ पडतंय!"

अख्खा डक्ट हसायचा.

तर त्या सकाळी मी शिफ्टवरून आलो. डोळे चुरचुरत होते. मृणाली, माझी बायको, म्हणाली, "आधी झोपा. पाणी कुठे पळून जातंय?" पण झोपलो असतो तर संध्याकाळपर्यंत उठलो नसतो आणि लोकांनी माझं डोकं खाल्लं असतं. म्हणून पाना घेतला आणि सरळ गच्चीवर गेलो.

टाकी आदल्या दिवशीच धुऊन भरली होती, पाणी छान तापलेलं होतं. एकेक कॉक सोडत गेलो.

"आलं!" वरच्या मजल्यावरून.

"आलं हो!" ही मृणाली.

"आलं. पण फोर्स नाही." हे हैबतराव. पहिल्या मजल्यावरचे, रिटायर्ड. त्यांना आयुष्यात कशालाच फोर्स वाटलेला नाही.

शेवटी तळमजल्याचा कॉक सोडला. मी डक्टच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. उभ्या उभ्या डोळे मिटत होते.

"वहिनी, आलं का?"

काहीच नाही.

"वहिनी?"

मग... खालून आवाज आला.

"नाय आलं, भावजी."

आवाज वहिनींचाच. पण बारीक. त्यात चेष्टा नव्हती. मला वाटलं, आत्ताच उठल्या असतील.

हवा अडकली असणार म्हणून मी कॉक बंद केला, पुन्हा सोडला. पाइपावर पान्याने ठोकलं. हाताने पाइप चाचपला. गरम होता. चांगला चटका बसण्याइतका गरम. म्हणजे पाणी खाली जात होतं.

"आता बघा."

"थंडच हाय."

मला राग आला. खरंच आला. मी वर झोपेने मरतोय आणि यांना थट्टा सुचतेय. मी पुन्हा पाइपाला हात लावला. गरम.

"वहिनी, पाणी जातंय खाली. जरा वेळ नळ सोडून ठेवा."

"लय थंड हाय ओ..."

तेवढ्यात हैबतरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघत ओरडले, "अहो मिथुन, ती बाई इतका वेळ थंड थंड म्हणतेय! आधी तिचं बघा ना!"

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण नंतर सगळे मला म्हणाले, नाईटवरून आला होतास, कानात भास झाला असेल. हैबतराव नाईटवरून आले नव्हते. त्यांनीही ऐकलं होतं.

मी काही बोलणार, इतक्यात पुन्हा आवाज आला. आता तो अगदी जवळून आल्यासारखा वाटला. डक्टच्या तळातून नाही... माझ्या खांद्याजवळून.

"खाली या, भावजी. पोरीला पन थंड लागंल आता."

माझी झोप उडाली.

का ते सांगता येत नाही. वाक्य साधंच आहे. थंडीत कुठलीही आई म्हणेल असं. पण मी पाना हातात घेऊन जिना धावत उतरलो. मी इतका कधी धावत नाही.

तळमजल्याचं दार बंद होतं. बेल वाजवली. हाका मारल्या. आत पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, बादली भरून सांडते तसा. बाकी काही नाही.

हैबतराव मागोमाग आले. म्हणाले, "आत्ता तर बोलत होती."

गणेश पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेला होता. जाताना दार ओढून घेतलं की लॅच लागायचं. मी पाना लॅचमध्ये घातला, दोघांनी खांदा दिला. दार उघडलं.

घरात खिडक्या सगळ्या बंद. थंडी वाजते म्हणून पडदेही ओढलेले. वास कसलाच नव्हता.

बाथरूमच्या दारापाशी ऋतुजा पडली होती. टॉवेलात गुंडाळलेली. आई बाहेर यायची वाट बघत दाराला टेकून बसली असावी आणि तिथेच कलंडली असावी. गाल लाल झाले होते. उचलली तर मान लटकली.

मी तिला घेऊन बाहेर अंगणात पळालो. मोकळ्या हवेत नेल्यावर तिने एक उसासा टाकला. तो उसासा ऐकून मी रडलो. लपवायचं काय त्यात?

मृणाली तोपर्यंत खाली आली होती. ती तोंडाला पदर लावून आत गेली. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. मला तिची किंकाळी ऐकू आली. मग ती दारात आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"अहो... वहिनी गार पडल्यात."

झालं होतं ते असं. सोलर सुरू होईपर्यंत सगळेच काही ना काही वापरतात. वहिनींकडे गॅस गिझर होता. पोरीला गारठा लागू नये म्हणून त्यांनी बाथरूमच्या खिडकीत जुनी चादर कोंबली होती. पोरीला अंघोळ घालून बाहेर पाठवलं आणि स्वतः आत राहिल्या. बंद बाथरूममध्ये गिझरच्या ज्योतीचा विषारी वायू साचत गेला. त्याला वास नसतो, रंग नसतो. आम्हाला कंपनीत सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. घरी आल्यावर कोण लक्षात ठेवतं?

सिलेंडर संपला होता. गिझर विझला होता. गिझरचा नळ मात्र चालूच होता. बादली भरून थंड पाणी वाहत होतं आणि वहिनी त्या थंड पाण्यात पडल्या होत्या.

मृणालीने त्यांच्यावर चादर घातली. मी पाणी बंद करायला आत गेलो. घाईत भलताच नळ पिरगळला. सोलरचा.

हात पोळला.

त्या वेळी मी नुसता हात झटकला. नंतर, बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. नवीन सोडलेल्या लाइनमधून आधी थंड पाणी यायला पाहिजे. बादलीभर तरी. नळ उघडल्या उघडल्या कढत पाणी येतं, ते कुणीतरी आधीच थंड पाणी काढून टाकलेलं असलं तरच.

वरती पाइप गरम लागत होता, म्हणजे खाली सोलरचा नळ चालू होता. पण मी गेलो तेव्हा तो नळ घट्ट बंद होता.

ऋतुजाला रोह्यातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तरी हाती लागली नसती. मग मी वहिनींचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, त्या तर केव्हाच गेल्या होत्या. तुम्ही गच्चीवर चढायच्या आधीच.

मी म्हणालो, त्या माझ्याशी बोलल्या.

डॉक्टरांनी मला झोपायला सांगितलं.

आणि एक. ती चादर खिडकीत इतकी गच्च बसवली होती की गणेशला ती दोन्ही हातांनी ओढून काढावी लागली. त्या खिडकीतून आवाज डक्टमध्ये येणं शक्य नव्हतं.

हैबतरावांकडे मी एकदा विषय काढला. ते उठून आत गेले. परत काढला नाही.

गणेश मुलीला घेऊन पेणला बहिणीकडे राहायला गेला. तळमजला तेव्हापासून बंद आहे. मी त्यांचा कॉक बंद करून वर तार गुंडाळून टाकली.

मागच्या वर्षी सोलरचं काम मी केलंच नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. कोलाडहून निकेश नावाचा प्लंबर बोलावला. बाहेरचा मुलगा, त्याला काही माहीत नव्हतं. काम आटपून खाली आला, चहा घेतला. जाताना म्हणाला, "साहेब, सगल्यांना पानी आलं. फक्त तलमजल्यावरची ताई म्हनते, अजून थंडच हाय. त्यांच्या कॉकला तार कोनी बांधलीय?"

मृणालीच्या हातातली कपबशी पडली.

त्या हिवाळ्यात मी एकदाही गरम पाण्याने अंघोळ केली नाही. का ते मृणालीने विचारलं नाही. तिनेही केली नाही.

यंदा मात्र मीच चढलो. महिन्यापूर्वीचीच गोष्ट. दुसऱ्या कुणाला पाठवायचं धाडस नव्हतं आणि घाबरत राहायचाही कंटाळा आला होता. सगळे कॉक सोडले. सगळ्यांचं "आलं" ऐकलं. मग मी तळमजल्याच्या कॉकची तार सोडवली आणि तो उघडला.

त्या बाईने मेल्यावरही माझ्याशी भांडून स्वतःची पोर वाचवली. तिला एक बादली गरम पाणी मिळू नये?

पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. खाली घर बंद आहे. नळ बंद आहेत, गणेशने ठेवलेल्या किल्लीने दार उघडून मी स्वतः बघून आलो होतो. पाणी पुढे जायला जागाच नाही, म्हणजे पाइप गार राहायला हवा.

पाइप... हळूहळू कोमट झाला.

मग गरम.

मग हात ठेवता येईना.

मी डक्टमध्ये वाकलो.

"वहिनी... आलं का?"

मृणाली खालून हाका मारत होती, "अहो, झालं ना सगळं? उतरा आता." मला उतरता येईना. सगळ्यांचा आवाज आल्याशिवाय उतरायचं नाही, ही आमची पद्धत. मी बराच वेळ ऊन खात तिथेच थांबलो.

शेवटी मृणाली वर आली आणि हाताला धरून मला खाली घेऊन गेली. तो कॉक मी उघडाच ठेवला आहे. आजही शिफ्टवरून आलो की घरात शिरायच्या आधी गच्चीवर जातो आणि पाइपाला हात लावून बघतो.

गरमच असतो.

खालून "आलं" मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.