हिरव्या काचेआड

अकोल्याच्या हार्डवेअरच्या दुकानात भावनानं वेल्डिंगचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, अन् नेमका दारातून ललित आत आला.

बार्शीटाकळीचा ललित. मागच्या महिन्यात तिला पाहून गेला, अन् घरी जाऊन नकार कळवला.

तिनं झटकन हेल्मेट तोंडावर ओढलं. ठिणगी उडाली की आपोआप काळी होणारी काच, एरवी हिरवी. आतून तो स्वच्छ दिसत होता... बाहेरून ही त्याला दिसत नव्हती. बरंच झालं. पाहण्याच्या दिवशी घरच्यांनी 'पोरगी शिवणकाम करते' म्हणून सांगितलं, अन् हिनं खुशाल मान हलवली. दर्यापुरात बापाच्या वेल्डिंगच्या शेडमधली निम्मी लोखंडी फाटकं हिच्या हातची, पण त्याबद्दल तोंड उघडलं नाही. आता झाका म्हणावं तोंड!

"भाऊ, यापेक्षा हलकं हाये का?" तिनं दुकानदाराला हळूच विचारलं.

कडी-कोयंडा पाहणारा ललित वळला. आवाज ओळखीचा.

"कोणासाठी घेऊन राहिल्या?"

"भावासाठी."

"तुमाले भाऊ नाही. तुमच्या बाबांनीच सांगतलं होतं."

हेल्मेटच्या आत तिचे कान तापले. "नकार देणाऱ्याले कायले पाह्यजे चौकशी?"

"नकार..." तो अडखळला. "तुमचे डोळे लालभडक होते. पाणी थांबत नव्हतं. मले वाटलं, जबरदस्तीनं बसवलं. रडत्या पोरीले हो कसं म्हणू?"

शहाणा मोठा. एका शब्दानं विचारलं असतं तर जीभ झडली असती?

"मी रडत नव्हती," ती पुटपुटली. "आदल्या दिवशी घाईत साधा काळा चष्मा लावून वेल्डिंगचे टाके मारले. डोळे भाजले. रातभर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडली होती. अन् शिवणकाम... मले सुईत दोराही ओवता येत नाही."

ललितनं मान खाली घातली. "अन् मी घरी सांगतलं, पोरीचं मन दुसरीकडं हाये."

"सांगतलं?"

"सांगतलं."

हिरव्या काचेतूनही त्याचे कान लाल दिसले.

"ते वर करा ना," तो म्हणाला. "एकदा नीट पाहू द्या."

"आधी घरी खरं सांगा."

त्यानं तिथंच फोन लावला. "आई, ते दर्यापूरची पोरगी... रडत नव्हती. माह्यीच चूक झाली... नाही, शिवणकाम नाही, वेल्डिंग करते... हो, लोखंडाचं... मले आवडते."

भावनानं हेल्मेट वर केलं. डोळे लाल, गालावर पाणी.

"आज बी भाजले का?" तो घाबरला.

"नाही," ती म्हणाली, "आज रडून राहिली."