सालोमीच्या रक्तातली खूण

"उपाशी? सगळेच्या सगळे? या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही हो!" फेबियनने हातातली सुई खाली ठेवली.

रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी, या समजुतीने वटार गावातल्या त्या घरात सकाळपासून कुणी चहाचा घोटही घेतला नव्हता. थोरल्या एरॉलला कोलायटिस होता, मोठ्या आतड्यात जखमा. अशा बऱ्याच रुग्णांच्या रक्तात एक अँटिबॉडी, आजाराची एक खूण, सापडते. ती त्यांच्या जवळच्या नातेवाइकांतही असते का, हे मुंबईचे डॉक्टर शोधत होते. त्यांच्यासाठी रक्त गोळा करायला फेबियन आला होता.

"मग आधी सांगायचं ना!" एरॉलची बहीण सालोमी फणकारली. "आता तुम्हीपण जेवूनच जायचं."

"रक्ताच्या पेटीतला बर्फ वितळेल हो..."

"आमच्याकडे फ्रीज आहे म्हटलं!"

त्यानंतर त्या पठ्ठ्याला वटारला यायला सतरा निमित्तं सुचू लागली. सालोमीला त्यातलं एकही खरं वाटलं नाही — आणि सगळीच आवडली!

पण केळीच्या वाडीत त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने मान हलवली.

"नको... डॉक्टरांनी परवा सांगितलं. माझ्या रक्तात ती खूण आहे. एरॉलसारखीच."

फेबियनला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या बाटल्यांवर नुसते आकडे असत.

"खूण म्हणजे आजार नाही, सालोमी. ती असून ठणठणीत असलेली माणसं आहेत."

"आणि उद्या मी अंथरूण धरलं तर? खात्री देतोस?"

"नाही देत. पण मी धरलं, तर तू सोडून जाशील?"

"वेडा आहेस का!"

"मग मला का विचारतेस?"

ती रडता रडता हसली. होकार तेवढ्यातच आला.

लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचतात. कुणाला अडथळा माहीत असेल तर त्याने फादरना सांगायचं. दुसऱ्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपताच शेजारची आग्नेसमावशी लगबगीने फादरकडे निघाली. "पोरीचं रक्त खराब आहे म्हणे..."

 सालोमी भरल्या चर्चमध्ये पुढे गेली.

"मीच सांगते, फादर. माझ्या रक्तात एक खूण आहे. आजार नाही. झालाच कधी, तर आम्ही दोघं बघून घेऊ. फेबियनला सगळं ठाऊक आहे... आणि मला तो हवाय!"

आजारपणाच्या लाजेने कायम मागच्या बाकावर बसणारा एरॉल उठून टाळ्या वाजवू लागला. फादर हसले.

"हा अडथळा नव्हे, पोरी. पुढच्या रविवारीही नावं वाचणार."

फेबियनने सगळ्यांदेखत तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.