खिडकी नसलेली खोली

"पॉइंट शून्य आहेत, आंटी," असं बँकेच्या काउंटरवरच्या मुलीनं तीनदा सांगितलं, तेव्हा ओंग गेक लियान यांनी रुमालाची घडी सोडली आणि क्रेडिट कार्ड काचेखालून आत सरकवलं.

"यंत्र बदल," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र बिघडलंय."

यंत्र ठणठणीत होतं. मग लियानना आतल्या तक्रार विभागात नेऊन सेल्वराणी गोविंदसामीसमोर बसवण्यात आलं.

सेल्वराणीला या विभागात एकोणीस वर्षं झाली होती. थापा ऐकून ऐकून तिचा स्वभावच संशयी झाला होता. घरी नवऱ्यानं आपणहून भांडी घासली, तरी ती आधी काय फुटलंय ते बघायची. समोरच्या त्र्याहत्तर वर्षांच्या बाईंकडेही तिनं त्याच नजरेनं पाहिलं.

"किती होते?"

"चार लाख बारा हजार. अकरा वर्षांचे."

"एवढे कसे जमले?"

"कुणाचंही जेवण असो, लग्न असो, दात काढायचा असो, बिल माझ्या कार्डावर, पॉइंट मला. मला रोख देतात. मला बघितलं की नातेवाईक पाकिटाला हातच लावत नाहीत."

"आणि घ्यायचं काय होतं?"

"बोटीची सहल. चार रात्री. पेनांग, फुकेत. बाल्कनीची खोली, दोघींची." लियान थांबल्या. "आची, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याकडेच असते. डोळ्यांचा आजार आहे तिला. आत्ता अर्धं दिसतं, वर्षभरात तेही जाईल म्हणाला डॉक्टर. त्याच्या आत तिला समुद्र दाखवायचाय."

"समुद्र तर बसनं जाऊनही दिसतो."

"तो समुद्र नाही ग. मालाच्या बोटींचा तळ आहे तो."

सेल्वराणीनं कार्ड हातात घेतलं. जुन्या पद्धतीचं होतं, पुढचे सोळा आकडे ठसठशीत वर आलेले. मागच्या सपाट बाजूवर सही आणि तीन बारीक काळे आकडे, रुमालात राहिल्यामुळे नव्यासारखे स्वच्छ. तिनं सही अर्जाशी ताडून पाहिली. मग नोंद उघडली.

पॉइंट गेल्या गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेले होते. गंमत म्हणजे ते गेले होते बोटीवरच. त्याच कंपनीची बोट, पण डिसेंबरची, शाळेच्या सुट्टीतली. चौघांची खोली, आतली, बिनखिडकीची. प्रवासी म्हणून ओंग गेक लियान, तेंग वेई हॉक, पॉलीन चिया आणि तेंग जिया एन.

"मी, माझा मुलगा, सून आणि नात," लियान म्हणाल्या. त्यांचे ओठ घट्ट मिटले. "आचीचं नाव नाही?"

"नाही."

"म्हणजे पॉलीन. दूध कुठल्या कार्डावर न् पेट्रोल कुठल्या कार्डावर, याचा तक्ता तिनं फ्रिजवर चिकटवलाय. तिला पॉइंटांची हाव आहे."

प्रकरण सोपं वाटत होतं, आणि सोपं प्रकरण सेल्वराणीला आवडत नसे. तिनं फोनचं रेकॉर्डिंग मागवलं, कारण हे पॉइंट फोनवरून वटवले होते आणि फोन लियान यांच्याच घरून, जुन्या तारेच्या यंत्रावरून आला होता.

रेकॉर्डिंगमध्ये एक वयस्कर बाई संथ होक्कियन चिनीमध्ये बोलत होती. तिनं कार्डाचे सोळा आकडे एकेक करून सांगितले, जन्मतारीख सांगितली.

"मागचे तीन आकडे, आंटी?" बँकेची मुलगी विचारत होती.

"पुसलेत ते. घासून घासून गेले."

"मग आईचं नाव सांगा."

नाव बरोबर आलं.

"ॲपवरून घेतलंत तर दहा टक्के पॉइंट वाचतील."

"नको. तूच कर."

"खिडकीची खोली देऊ का?"

"खिडकी कशाला? आत काय न् बाहेर काय, सारखंच. चौघं मावली पाहिजेत."

सेल्वराणीनं आवाज बंद केला आणि मान वर केली. लियान यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"हा माझा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "पण मी फोन केला नाही."

सेल्वराणीनं पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं की माणसं बोलतात, हा तिचा अनुभव होता.

"केला असेल आणि विसरले असेन, असं होतं का ग?" लियान यांनी हळूच विचारलं. "गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला माझ्याकडून. तेव्हापासून पॉलीन स्मरणशक्तीच्या दवाखान्याचे कागद टेबलावर ठेवते. मला वेड लागलं तर मला एका आश्रमात टाकतील आणि आचीला दुसऱ्या. तिला कोण बघणार?"

एवढ्या वर्षांत अनेक जण त्या खुर्चीत बसून रडले होते. या बाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त कार्ड पुन्हा रुमालात बांधलं, आणि सेल्वराणीनं फाइल बंद न करता साहेबांकडे नेली.

साहेब, मिस्टर फू, यांना मात्र त्यात काही वाटलं नाही. "आवाज ग्राहकाचा, फोन ग्राहकाच्या घरचा, आईचं नाव बरोबर. फाइल बंद कर."

"बुकिंग रद्द केलं तर पॉइंट परत येतात, सर. शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे."

"मग शुक्रवारी पाचला बंद कर."

बुधवारी दुपारी सेल्वराणी तोआ पायोह वस्तीतल्या लियान यांच्या घरी गेली. पॉलीन अर्धी रजा टाकून आली होती आणि तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

"गुरुवारी दहा वीसला कुठे होतात?"

"ऑफिसात. सतरा माणसांसमोर. पोरगी शाळेत होती. नवरा हद्दीपलीकडे जोहोरला कामावर."

"बुकिंगमध्ये तुमचं नाव आहे."

"बँकेनं दिलेल्या कागदावर वाचलं मी. आणि ते फोनवरून केलंय, तेही वाचलं. मॅडम, मी केलं असतं तर ॲपचे दहा टक्के सोडले असते? एकेचाळीस हजार पॉइंट गटारात?" तिचा आवाज चढला. "चोर म्हणा हवं तर. मूर्ख नका म्हणू."

सेल्वराणीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. चोरीच्या आळापेक्षा वाया गेलेल्या पॉइंटांचं दुःख या बाईला जास्त झालं होतं. असं सोंग या शहरात कुणाला वठवता येत नाही. सूनबाईंच्या नावावर तिनं मनातल्या मनात काट मारली, तीही अर्धीच.

"मग कुणी केला फोन?"

पॉलीननं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आईंनीच केला असणार. विसरतात त्या. वाईट वाटतं मला, पण कुणीतरी बोललं पाहिजे ना?"

लियान यांना तो गुरुवार आठवत होता, पण त्याचा उपयोग नव्हता. खाली डासांसाठी धूर मारत होते म्हणून व्यायामाचा वर्ग बंद होता. त्या एकट्याच मासळी आणायला गेल्या.

"कुणी पाहिलं?"

"मासळीवाल्यानं. पण तो म्हणतो, आंटी तुम्ही रोजच येता, गुरुवारचं काय सांगू?"

"कार्ड कुठे होतं?"

"बिस्किटांच्या डब्यात, रुमालात बांधून. घरात सगळ्यांना माहीत आहे."

उरल्या गेक नियो, थोरल्या बहीणबाई. वय ऐंशी. त्या खिडकीशी माजाँगच्या, म्हणजे चिनी सोंगट्यांच्या खेळाच्या, टेबलाशी बसल्या होत्या. सोंगट्यांच्या ढिगातून त्या एकेक उचलत, अंगठा खालून फिरवत आणि न बघता जागेवर लावत. जुन्या खेळाडूंची ही सवयच असते. सेल्वराणीची लहानपणची शेजारीणही तशीच खेळायची.

"या, बसा. चहा घ्या." नियो यांनी कपाच्या कडेत बोट ठेवून किटली वाकवली. कप काठोकाठ भरला, पण थेंब सांडला नाही.

"गुरुवारी सकाळी तुम्ही घरी होतात?"

"जाणार कुठे? झोपले होते."

"फोनवर कुणी बोलत होतं?"

"ऐकलं नाही."

"बहिणीचा आवाज ओळखला असतात ना?"

"सत्तरवर वर्षं ऐकतेय." नियो यांनी एक सोंगटी उगाच दोनदा चाचपली. "लियानला कुणी वेडी म्हणत असेल तर ते खोटं आहे. तेवढं लिहून घ्या."

"मग फोन कुणी केला?"

"लिहून घेतलंत का?"

सेल्वराणीनं लिहून घेतलं. चहा गरम होता, बिस्किटं ताजी होती, आणि तरी घरात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ती बाजारात पैसे देत होती. तिचं स्वतःचं कार्ड गेल्याच महिन्यात बदलून आलं होतं. नव्या तऱ्हेचं, गुळगुळीत, आकडे नुसते छापलेले. गर्दीत तिचा अंगठा सवयीनं त्यावरून फिरला आणि त्याला काहीच लागलं नाही. सेल्वराणी तिथेच थांबली. मागचा माणूस करवादला, तरी ती हलली नाही.

शुक्रवारी तीन वाजता तिनं त्याच घरी तिघींनाही टेबलाशी बसवलं.

"लियान आंटी, तुमचं कार्ड द्या." तिनं ते नियो यांच्या हातात ठेवलं. "आची, हे कुणाचं?"

नियो यांचा अंगठा उठावाच्या आकड्यांवरून झरझर गेला. "लियानचं."

"आता उलटं करा. मागचे तीन आकडे वाचा."

अंगठा सपाट प्लास्टिकवरून गेला, परत आला, पुन्हा गेला. पंखा फिरत होता. पॉलीन काही बोलणार होती, सेल्वराणीनं हातानं तिला थांबवलं.

"पुसलेत," नियो म्हणाल्या.

सेल्वराणीनं कार्ड लियान यांच्यासमोर धरलं. तीन आकडे काळेभोर, स्वच्छ होते.

"फोनवरची बाईही हेच म्हणाली होती," सेल्वराणी म्हणाली. "सोळा आकडे तिनं अचूक सांगितले, तीन सांगता आले नाहीत. सोळा हाताला लागतात, तीन लागत नाहीत. लियान आंटींनी ते सहज वाचले असते. पॉलीननं ॲप सोडलं नसतं. या शहरात एकेचाळीस हजार पॉइंटांवर पाणी सोडून फोन कोण करेल? ज्याला फोनची स्क्रीन दिसत नाही तो. आईचं नाव कुणाला ठाऊक? त्याच आईच्या मुलीला. आवाज बहिणीबहिणींचा, तिथे सगळेच फसले. आणि खिडकी नको, आत काय न् बाहेर काय, हे अकरा वर्षं बाल्कनीची वाट बघणारी बाई बोलणार नाही. ज्या बाईला दोन्हीकडे अंधारच आहे, ती बोलेल." तिनं श्वास घेतला. "बुधवारी मी चोराचा फायदा शोधत बसले. तुमचा तर तोटाच होता, म्हणून मी तुमच्याकडे नीट पाहिलंच नाही."

"आची?" लियान म्हणाल्या. "अर्धं दिसतं ना तुला?"

"नाही."

"कधीपासून?"

"नव्या वर्षापासून. घर पाठ आहे मला. कुणाला कळलं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू अकरा वर्षं लोकांच्या जेवणाची बिलं भरलीस, ती आंधळीला समुद्र दाखवायला?" नियो यांनी सोंगट्यांची रांग हातानं मोडली. "दोघींच्या बाल्कनीच्या पॉइंटांत चौघांची आतली खोली येते. तू नातीबरोबर गेली असतीस. मला वाटलं, कागद आला की तू समजशील पॉलीननं केलंय, चांगल्या मनानं. तुमचं दोघींचं जरा जमेल."

"मावशी," पॉलीन म्हणाली, "त्यांनी मला चोर ठरवलं." तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

लियान उठल्या. राग आला की त्या उभं राहून बोलायच्या. "मी आठवडाभर रोज शंभरपासून उलटे आकडे मोजतेय. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायला. तू शेजारच्या पलंगावर पडून ऐकत होतीस?"

"ऐकत होते." नियो यांची मान खाली गेली. "रोज म्हणायचे, उद्या सांगते. धीर झाला नाही. चुकलं माझं, लियान."

सेल्वराणीनं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. "पाचच्या आत रद्द केलं तर सगळे पॉइंट परत येतील. तक्रार ठेवायची असेल तर मला नाव लिहावं लागेल. काय लिहू, लियान आंटी?"

"तक्रार मागे. बुकिंग रद्द. दोघींची खोली, बाल्कनीची."

"वाया जाईल," नियो म्हणाल्या. "मला काय दिसणार?"

"तुला काय दिसेल ते गेलं खड्ड्यात." लियान यांचा आवाज फाटला. "शाळा सोडून तू मला कडेवर वागवलंस. मग तुझी नोकरी, माझं लग्न, मुलगा, नात. सत्तर वर्षांत आपण दोघी कधी एका ठिकाणी नुसत्या बसलो? चार दिवस कुणाचं जेवण नाही, कुणाचा डबा नाही, कुणी हाक मारणार नाही. मला ते हवंय. डॉक्टरचं निमित्त करून समुद्राचं नाव मी पुढे केलं, कारण नुसतं तुझ्याबरोबर बसायचंय असं सांगायची लाज वाटली."

पॉलीन उठली आणि तिनं स्वतःचा फोन पुढे केला. "ॲपवरून करू या," ती नाक पुसत म्हणाली. "दहा टक्के वाचतील."

बुकिंग पंधरा मिनिटांत झालं. शेवटी एक रकाना होता. प्रवाशाच्या काही विशेष गरजा? पॉलीननं तो मोठ्यानं वाचला आणि ती थांबली. लियान यांनी बहिणीकडे पाहिलं.

"न्हाणीघराला उंबरा असतो का ते विचार," नियो म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसल्या. "आणि लिही, दुसरी बाई आंधळी आहे."