वहीतली तिसरी ओळ

मोबाइल ठेवा बाजूला. लाइट गेली म्हणून गोष्ट सांगा म्हणालात ना? मग अंधारातच ऐका. आणि ही गोष्ट नाही. आमच्या पोस्टातल्या बद्रीनाथच्या बाबतीत घडलेलं आहे, तारखेसकट सांगतो. तेवीस नोव्हेंबर दोन हजार सहा, गुरुवार, संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं.

बद्रीनाथला निवृत्तीनंतर एक खूळ लागलं. लोक नातवंडं सांभाळतात, हा दुसऱ्या महायुद्धात विमानाचा सराव करताना मेलेल्या पोरांची नावं गोळा करायचा. लढाईत मेले त्यांचे निदान पुतळे होतात, सरावात मेले त्यांना कोण विचारतो? अकरा वर्षं त्याने फायलींची धूळ नाकातोंडात घेतली. एका अपघाताला वहीचं एक पान, एका माणसाला एक ओळ.

वाघोलीच्या पानावर दोन ओळी होत्या. १९४३ साल, रात्रीचा सराव, एक शिक्षक आणि एक शिकाऊ. दोघांनाही तेव्हाच पुरलं. त्याच रात्री हवाई तळावरचा धोंडिबा नावाचा मेकॅनिक गायब झाला. त्याच्या कागदावर शेरा पडला, फरारी. त्याची धाकटी बहीण वेणूबाई येरवड्याला राहायच्या, पंचाहत्तरीच्या. त्या बद्रीनाथला म्हणाल्या होत्या, "सायेब, माजा दादा पळनारा न्हवता. फरारीची भन म्हनून माजं लगीन दोनदा मोडलं. त्याच्या अंगठ्यावर तिरकी खूण हाय, माज्याच विळीनं कापला व्हता. तेवढ्यावरनं बी मी वळखीन."

बद्रीनाथला तेव्हाच संशय आला होता. कारण त्या तळावर एक रीत होती. इंजिन ज्याने दुरुस्त केलं, त्यालाच पहिल्या उड्डाणाला सोबत बसवायचं. मग बरोबर काम चोख होतं! पण त्याचं नाव उड्डाणाच्या यादीत चढवायची तसदी कोणी घेत नसे.

पुढे शेजारच्या खराडीत कंपन्या आल्या, कंपन्यांमागून पगार आले, आणि विमान पडलं होतं त्या शेतात बिल्डर आला. त्याचा मॅनेजर गंधार, गोड बोलणारा. "काका, गेटवर मेमोरियल करू ना, एकदम हेरिटेज लुक. तुमची दोन्ही नावं दगडात कोरू." बद्रीनाथ विरघळला. अकरा वर्षांत कोणी साधी पत्र्याची पाटी लावली नव्हती.

पाया खणताना, बद्रीनाथ तिथे असतानाच, खोल रुतलेलं विमानाचं नाक लागलं. त्यात हाडं होती, एकाच माणसाची. पट्ट्याचं पितळी बक्कलही होतं. मागे नंबर ठोकलेला. धोंडिबाच्या कागदावरचा नंबर बद्रीनाथने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला होता, त्याच्याशी ताडून पाहिला. धोंडिबाचाच.

गंधार म्हणाला, "काका, हाडं निघाली म्हटलं की पोलीस येणार, साइट सील होणार. मग मेमोरियलही कॅन्सल. दोन नावं आहेत ना? दोनच राहू द्या. प्लीज."

बद्रीनाथ वही मिटून खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत हाडं, बक्कल सगळं खड्ड्यात परत लोटलं आणि वर काँक्रीट ओतलं. मला हे सांगताना तो थुंकला. गंधारवर नाही, स्वतःवर.

त्या गुरुवारी साधं काम होतं. दगड तयार झाला होता, अक्षरं तपासून द्यायची होती. स्वारगेटहून बस बदलत तो वाघोलीला पोचला. वॉचमनने सॅम्पल फ्लॅट उघडून दिला आणि तो चहाला गेला. दगड सोफ्याला टेकवलेला. टेबलावर प्लॅस्टिकची द्राक्षं. बद्रीनाथने चष्मा लावला. दोन नावं, आणि खाली, 'शत्रूशी झुंजताना आकाशात वीरमरण'. सराव नाही, अपघात नाही. फ्लॅट विकायला वीर लागतात. त्याला त्या दगडाची शिसारी आली.

तेवढ्यात दिवे गेले.

आधी वास आला. जळक्या ऑइलचा. मग त्याखालचा दुसरा... केस जळल्याचा. गोड, तेलकट वास. तो जिभेवर बसला. बद्रीनाथने तोंडावर रुमाल दाबला, तरी वास आतच.

मागे कोणीतरी हात पुसत होतं. चिंधीने. सावकाश. काम संपवून पुसतात तसं.

"कोण... वॉचमन?"

पुसणं थांबलं.

तो दाराकडे वळला. दारात कोणीतरी होतं. उंची माणसाएवढी. चेहऱ्याच्या जागी... ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ते नुसतं उभं राहिलं. बद्रीनाथ खड्ड्याच्या काठावर उभा होता ना... तसंच.

किती वेळ...

दिवे आले तेव्हा दारात कोणी नव्हतं. वॉचमन जिना चढत होता. बद्रीनाथ बेसिनवर वाकून ओकत होता, आणि त्या सॅम्पलच्या नळाला पाणीही नव्हतं.

घरी येऊन त्याने पिशवी उघडली. चेन बंदच होती. वहीतलं वाघोलीचं पान काढलं. दोन ओळी, खाली कोरी जागा. त्या तिसऱ्या ओळीवर ऑइलने काळा अंगठा उमटला होता. मधोमध तिरकी पांढरी रेघ.

दुसऱ्या दिवशी तो वेणूबाईंकडे गेला. काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी वही मांडीवर घेतली, त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. डोळे पुसले नाहीत. मग एवढंच विचारलं, "अन् तुमी नुसतं बघत उबं व्हता?"



बद्रीनाथने पोलिसांत अर्ज दिला, हवाई दलाच्या कचेरीला लिहिलं. पोलीस म्हणाले, उभ्या इमारतीचा पाया कसा खणणार? कचेरीचं उत्तर आलं, पुरावा अपुरा, शेरा कायम. वेणूबाई गेल्या वर्षी फरारीची बहीण म्हणूनच गेल्या. दगड गेटवर आहे. पोरं त्याला टेकून फोटो काढतात.

बद्रीनाथने वही माझ्याकडे दिली. त्याला ती घरात सहन होईना. ही बघा. टॉर्च जवळ आणा. हे पान.

नको, बोट लावू नकोस. तीन वर्षं झाली... अजून ओला आहे.