उसवणारी पट्टी

"अहो खांडबहाले साहेब, तुमची पट्टी गेली कुठे?"

यवतमाळकडच्या एका शल्यविशारदाने फोनवर हे विचारलं तेव्हा डॉ. वामन खांडबहाले पुण्यातल्या आपल्या बहुलकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, प्रयोगशाळेत उभ्याउभ्याच चहा पीत होते.

"गेली म्हणजे? मांजराने नेली का?"

"थट्टा नाही हो. चार महिन्यांपूर्वी पेशंटच्या हाताच्या मोडलेल्या हाडावर बसवली, आज हात उघडला तर पट्टी नाही, स्क्रू नाहीत. हाडावर नुसता ओशटपणा. आणि माझ्याकडची ही तिसरी!"

खांडबहाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. कारण तीच पट्टी त्यांच्या मुलीच्या मानेत होती. बावीस वर्षांची मैथिली कबड्डीत चढाईला गेली आणि सहा जणी अंगावर पडल्या. मानेचा दुसरा मणका मोडला. डॉक्टर धातूची पट्टी घालू म्हणत होते. पण हे बाबा ऐकतील तर ना! माझ्या पोरीच्या मानेत माझंच संशोधन, असं गावभर सांगत त्यांनी आपली पट्टी बसवायला लावली होती. आठ महिने झाले, तरी हाड अजून पुरतं जुळलं नव्हतं. पट्टी गेली तर मणका सरकणार, मज्जारज्जू दाबला जाणार आणि मैथिली मानेखाली कायमची लुळी होणार.

त्यांनी डॉ. रोहिणी टिपणीसांना हाक मारली. पट्टी ज्या बहुलकाची, त्याच्या रेणूंची साखळी त्यांनीच बांधलेली. पाठ असलेली गोष्ट दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतली.

"आपलं उसवबहुलक म्हणजे गोणीची शिवण," रोहिणी म्हणाल्या. "नेमकं टोक हाती लागलं की सर्रकन सगळी उसवते. म्हणून तर साखळीच्या टोकाला टोपी घातली. टोपी आहे तोवर पट्टी दगडासारखी. टोपी निघाली की कडी कडी सुटी होऊन सगळी विरघळते."

"आणि टोपी काढतं फक्त फ्लोराइड. हाड जुळलं की आपण ते टोचायचं, म्हणजे पट्टी काढायला दुसरं ऑपरेशन नको. मग या तिघांना ते दिलं कुणी?"

"त्यांच्या बोअरवेलने, सर." रोहिणींनी संगणकावर नकाशा उघडला. "तिघांचीही गावं बघा. पाण्यात इतकं फ्लोराइड की पोरांचे दात पिवळे. ते हाडात साठतं आणि रक्तात झिरपत राहतं. आपण मात्र सगळ्या चाचण्या ऊर्ध्वपातित पाण्यात केल्या. काय शहाणपणा!"

"पण आधी थोडी झिजायला नको? कळलं तरी असतं."

"झिजेल कशी? टोप्या सगळ्या एकसारख्या. ठरावीक पातळीपर्यंत एकही निघत नाही, आणि पातळी ओलांडली की सगळ्या दहा मिनिटांत."

"मैथिली..."

"ती पुण्यात वाढलीय. तिच्या रक्तात तेवढं फ्लोराइड यायचंच नाही. तिला हात लावू नका, सर."

चांगलं सांगत होत्या बाई. पण खांडबहाल्यांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता, त्यांनीच घातलेला: संशयित नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत फडताळात ठेवायचा नाही. पोरीच्या बाबतीत तर ते क्षणभरही थांबायला तयार नव्हते. आधीचे सर्जन परदेशात होते, म्हणून घराजवळच्या एका इस्पितळात त्यांनी दुसऱ्याच सकाळची वेळ ठरवली. जुनी पट्टी काढायची, धातूची घालायची.

तोवर घरात टूथपेस्ट बंद, चहा बंद. चहातही फ्लोराइड असतं.

"बाबा, श्वास तरी घेऊ का?" मानेला आधाराचा गळपट्टा बांधलेल्या मैथिलीने विचारलं. त्यांना हसूही आलं नाही.

इस्पितळात त्यांनी सलाइनच्या बाटलीपासून प्रतिजैविकापर्यंत प्रत्येक लेबल वाचून प्रयोगशाळेच्या तक्त्यात यादी केली आणि रोहिणींना पाठवली. मैथिली भुलीला घाबरली होती. "मागच्या वेळी शिरेतून औषध देताना हात नुसता पेटला होता, बाबा. या वेळी तसं नको ना."

बापाचा जीव विरघळला. ते भूलतज्ज्ञ डॉ. मुजावर बाईंकडे गेले. "हिला हुंगवून झोपवता येईल का हो?"

"येईल की! मागे मज्जातंतूंवर लक्ष ठेवणारं यंत्र लावलं असणार, वायूने त्याच्या नोंदी बिघडतात, म्हणून शिरेतून दिलं. आपल्याकडे ते यंत्र नाही."

मैथिलीने बाबांकडे बघून अंगठा दाखवला आणि तिला आत नेलं.

पाऊण तासाने रोहिणींचा फोन आला. "सर, यादी पाहिली. सगळं ठीक आहे. पण भुलीचं औषध नाही लिहिलंत."

"ते औषध कुठे, तो वायू आहे. आपल्या तक्त्यात रकाने चारच. खाल्लेलं, प्यालेलं, टोचलेलं, चोळलेलं. हुंगलेलं कुठे लिहू?"

"कुठला वायू?"

"सेव्होफ्लुरेन."

 रोहिणी जवळजवळ ओरडल्याच. "सर, त्याच्या एका रेणूत सात फ्लोरीन असतात! यकृत त्यातले थोडे रेणू फोडतं, पण तेवढ्यानेच अर्ध्या तासात रक्तातलं फ्लोराइड त्या गावकऱ्यांच्या तिप्पट होतं!"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस! पाण्यात शोधलं, चहात शोधलं, दंतमंजनात शोधलं. आणि स्वतःच्या तोंडाने, लाडाने, तेच मागून घेतलं. देवा रे!  फोन हातात तसाच धरून ते धावले आणि शस्त्रक्रियागृहाचं दार दोन्ही मुठींनी बडवू लागले.

डॉ. मुजावर यांनी दार किलकिलं केलं.

"वायू बंद करा! मान हलवू नका तिची! आत पट्टी उरलेली नाही!"

डॉ. मुजावर यांनी वळून आतल्या टेबलाकडे पाहिलं. "सर... पट्टी मागून काढायची म्हणून आत्ताच तिला पालथी केली. गळपट्टा काढून."

"पाय बघा तिचे. हलतात का, बघा ना!"

"ती भुलीत आहे. पाय शाबूत असले तरी आत्ता हलणार नाहीत. वायू बंद करते, पण जाग यायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. तोवर काहीच कळणार नाही."

दार लागलं. खांडबहाले भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. हातातल्या फोनवरून रोहिणी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "सर, ऐकताय ना? तिला अजून हलवली नाही ना कुणी?"